पाटकऱ्याची झारी

मित्रांनो, सांगलीत विश्रामबागेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या गॅलरीत, तुम्हाला एक पत्र्याची झारी दिसेल. तोटीला दोन ठिकाणी ठिगळ बसवलेलं, बुडाला गंज धरलेला. ती मी. माझ्या वयाच्या झाऱ्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून कामावर आहे. ज्या माणसामुळे आहे, त्याची हकिकत तुम्हाला सांगावी असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म मिरजेचा. बाजारातल्या एका बोळात बिराप्पा नावाचे कारागीर पत्र्याचे डबे, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करत बसायचे. एका सकाळी खाकी शर्ट घातलेला एक उंच माणूस त्यांच्यापुढे येऊन बसला. ते नानासो. कराडच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या कालव्यावर ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं, हे पाहणं त्यांचं काम.

"जाळीची भोकं लय बारीक पाडा," ते बिराप्पांना म्हणाले. "आमच्या मंडळीस्नी तरू टाकायचं असतंय. जोरात पानी पडलं की कवळं रोप आडवं हुतंय."

बिराप्पांनी खिळा आणि हातोडी घेऊन माझ्या जाळीला एकेक भोक पाडलं. मग मला पाण्याने भरून वाकवलं. केसासारख्या धारा खाली आल्या तेव्हा नानासो हसले आणि त्यांनी मला सायकलला अडकवलं.

पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या पत्नीच्या, शकुंतलाबाईंच्या हातात होते. त्या परसात वाफे करून वांग्याचं, मिरचीचं बी टाकत. त्या कोवळ्या रोपांना तिकडे तरू म्हणतात. आजूबाजूच्या बायका ते न्यायला आल्या की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्या झारीचं पानी मऊ पडतंय." मला तेव्हा मोठा अभिमान वाटायचा.

नानासोंचा अभिमान वेगळा होता. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना टेल म्हणतात. वरचे लोक पाणी अडवून धरतात आणि टेल कोरडं राहतं. नानासोंच्या हद्दीत असं झालं नाही. त्यासाठी ते खांद्यावर फावडं टाकून कोसभर चालत, भल्याभल्यांशी वाईटपणा घेत. "माज्या हद्दीत कुनाचं रान तहानलेलं ऱ्हानार न्हाई," असं जेवताना म्हणत आणि शकुंतलाबाई आणखी एक भाकरी वाढत.

दिवस बदलले. शेडनेटमध्ये ट्रेमधली तयार रोपं मिळू लागली, शेतांत ठिबकच्या नळ्या पसरल्या. नानासो निवृत्त झाले. एका उन्हाळ्यात शकुंतलाबाई गेल्या. मग मी गोठ्यातल्या खुंटीला लटकत राहिले. माझ्या तोटीत कोळ्याने जाळं केलं.

त्यांचा मुलगा जयराज सैन्यात आहे. सून क्रांती मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते आणि सांगलीत राहते. एकटे राहणारे नानासो एकदा चुलीवर दूध ठेवून विसरले. दुसऱ्यांदा गावातलंच घर विसरले. तेव्हा जयराज रजा काढून आला आणि त्यांना सांगलीला घेऊन निघाला. निघताना नानासोंनी दोनच वस्तू बरोबर घेतल्या. आपल्या रानातली पोतंभर काळी माती, आणि मी.

त्याच रजेत जयराज त्यांना मिरज रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेला. तिथे सुमंत नावाचे गृहस्थ झाडं विकतात. तिथलं बोलणं जयराजने घरी येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक. नानासो एका कुंडीपुढे थांबले. मेण लावल्यासारखं चकचकीत लाल फूल होतं त्यात.

"हे पान हाय का फूल?"

"आजोबा, तुम्ही बरोबर ओळखलंत," सुमंत म्हणाले. "लाल दिसतंय ते पानच आहे. खरी फुलं त्या मधल्या दांडीवर असतात, अगदी बारीक. अँथुरियम म्हणतात याला."

नानासोंना त्याची फार गंमत वाटली. झाड घरी आलं. पण घरी आल्यावर त्यांनी कुंडीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. आत नारळाच्या काथ्याचा हलका चुरा होता.

"ह्यो भुसा हाय. ह्यात मूळ कशाला धरंल?"

त्यांनी झाड उपटलं, मोठी कुंडी आणली आणि आपल्या रानातली काळी माती शेणखत घालून तिच्यात ठासून भरली. सुमंतांनी बजावलं होतं की या झाडाला नुसती माती चालत नाही. क्रांतीने ते सांगायला तोंड उघडलं, पण जयराजने तिला खुणेनं थांबवलं. "राहू दे. आबांच्या मनासारखं होऊ दे एखादं काम." दोन दिवसांनी तो आपल्या तुकडीकडे परत गेला.

मित्रांनो, ती माती वाईट नव्हती. तिच्यात ऊस डोक्यावर दीड पुरुष वाढला होता. पण अँथुरियमचं कूळ जंगलातलं. झाडांच्या खोडांवर, कुजक्या पानांच्या थरात ते वाढतं आणि त्याची मुळं निम्मी हवेतच असतात. काळ्या मातीनं पाणी धरलं की त्या मुळांचा श्वास कोंडतो. सुमंतांचं हे म्हणणं पुढे क्रांतीने घरी सांगितलं, तेव्हा मला कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच ठाऊक होतं की मला सारखं भरलं जातंय.

सकाळी सात वाजता नानासो मला मोरीतून भरून आणत आणि कुंडीत पाणी घालत. आठ वाजता गॅलरीत आले की त्यांना वाटे, अजून पाणी घातलं नाही. साडेनऊला पुन्हा. दुपारी जेवण झालं की पुन्हा. हा नुसता वयाचा विसराळूपणा नव्हता. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं होतं आणि तो वाढत जाईल हेही क्रांतीला सांगितलं होतं. मला कळत होतं की मी झाड बुडवते आहे. पण झारीला कुठे नाही म्हणता येतं? मला वाकवलं की माझ्यातून पाणी पडणारच.

पानं पिवळी पडू लागली. पिवळं पान म्हणजे तहान, असं नानासोंच्या मनाने घेतलं आणि ते आणखी पाणी घालू लागले. शेवटी एका रविवारी क्रांतीने कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. गॅलरीभर कुजका वास सुटला. मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. बोटाने धरली की त्यांची साल निघून हातात येत होती.

"मामा, किती वेळा सांगायचं?" तिचा आवाज चढला. "झाड मारलंत तुम्ही!"

नानासो तिच्याकडे बघत राहिले. "म्या? म्या कवा पानी घातलं? सकाळपासनं तहानलंय ते."

आणि मग त्यांनी आपले हात पुढे धरून पाहिले. हात ओले होते. आयुष्यात कुणी त्यांना पाण्याची चूक दाखवली नव्हती. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

क्रांती झाड पिशवीत घालून सुमंतांकडे गेली. त्यांनी मुळं धुतली, कुजलेली सगळी कात्रीने छाटली, बुरशीनाशक लावलं. चार मुळं पांढरी, घट्ट राहिली होती. कोकोपीट म्हणजे तोच काथ्याचा चुरा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा आणि मूठभर गांडूळखत अशा मिश्रणात त्यांनी झाड पुन्हा लावून दिलं. "बोट दोन पेरं आत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी. उजेड भरपूर द्या, पण ऊन नको," असंही सांगितलं.

मिश्रण उत्तम होतं, पण लक्षात ठेवणाऱ्या माणसांसाठी. क्रांतीने भिंतीवर कागद चिकटवला, 'पाणी घातले आहे.' नानासो तो मोठ्याने वाचत, "कुनी घातलंय? माज्या हद्दीत मला इचारल्याबिगर?" असं म्हणत आणि मला उचलत. कोकोपीटही पाणी धरून ठेवतं. आठ दिवसांत कुंडी पुन्हा जड झाली. तेव्हा एका सकाळी, नानासो अंघोळीला गेले असताना, क्रांतीने मला माळ्यावर टाकलं.

माळ्यावर जुन्या बॅगा आणि एक बिघडलेला पंखा होता. तिथून मला घरातलं बोलणं ऐकू यायचं.

"माजी झारी कुटं हाय?"

"गळत होती मामा. दुरुस्तीला दिलीय."

तासाभराने पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर. क्रांती कामावर गेली की घरात चंद्राबाई असत. त्या स्वयंपाक करत आणि दुपारपर्यंत नानासोंच्या सोबतीला थांबत. त्यांनाही तेच उत्तर द्यायला सांगितलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी नानासो विचारायचे थांबले. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ते खुर्चीत बसून राहत. चंद्राबाई म्हणत, "आवं, दोन घास तरी खावा की," आणि ताट तसंच परत नेत.

मे महिन्यातल्या एका दुपारी चंद्राबाई कोथिंबीर आणायला खाली उतरल्या. दहा मिनिटांत परत आल्या तर दार उघडं आणि खुर्ची रिकामी. त्यांची हाक मी माळ्यावर ऐकली. तशी हाक मी पुन्हा कधी ऐकू नये.

पुढचं मी पाहिलेलं नाही. चंद्राबाईंनी फोनवर जयराजला रडत रडत सांगितलं, ते ऐकलेलं सांगते.

क्रांती मिरजेहून रिक्षाने धावत आली. दोघींनी पाऊण तास गल्ल्या पालथ्या घातल्या. नानासो सापडले ते शंभर फुटी रस्त्यापलीकडे, एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला. शेजारच्या इमारतीची टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहत होतं. तिथे कुणीतरी कडुनिंबाची सहा रोपं लावून सोडून दिली होती, ती उन्हाने वाळत चालली होती. नानासो फरशीचा एक तुकडा घेऊन उकिडवे बसले होते आणि त्या वाहत्या पाण्याला झाडांकडे नेणारा चर खणत होते. बोटं सोलून रक्त आलं होतं. अनवाणी होते. तीन झाडांपर्यंत पाणी पोचलं होतं.

"मामा!" क्रांती ओरडली.

त्यांनी वर पाहिलं. ओळख नव्हती नजरेत. "टेलला अजून पोचलं न्हाई," ते म्हणाले. "तुमचं रान कंचं, बाई?"

"आवं, सूनबाई हाय तुमची ती!" चंद्राबाई म्हणाल्या. पण क्रांतीने त्यांचा हात दाबला. ती नानासोंशेजारी चिखलात बसली.

"मी दारं धरते," ती म्हणाली. "तुम्ही जेवून या. सकाळपासून उपाशी असाल." शेताला पाणी देताना सरींची तोंडं उघडत, बुजवत उभं राहायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. ती शेतकऱ्याघरची लेक. तिला तो शब्द आपोआप आठवला.

नानासोंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जमंल का तुमास्नी?"

"जमेल. शेवटच्या झाडापर्यंत नेते."

मग त्यांनी फरशीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि चंद्राबाईंबरोबर शहाण्या मुलासारखे घरी आले. ताटातलं सगळं जेवले. क्रांती मात्र लगेच आली नाही. रुग्णालयाच्या कपड्यांत, येणारे-जाणारे बघत असताना, ती तिथे चर खणत राहिली. सहाव्या झाडाच्या बुंध्याशी पाणी पोचल्यावरच ती उठली. कबूल केलं होतं ना तिने.

घरी येऊन हातपाय न धुताच तिने स्टूल ओढलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं. नानासोंच्या सोललेल्या हाताला माझी गंजकी मूठ टोचेल म्हणून एक जुनी सुती साडी फाडून तिची पट्टी मुठीला गुंडाळली. मग मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"दुरुस्त होऊन आली, मामा."

त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं मी लोकांच्या उपयोगी पडले, पण मला असं मांडीवर कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्रांती सुमंतांकडे गेली आणि तिथून परतल्यावर चंद्राबाईंना तिने सगळं सांगितलं. ती सुमंतांना म्हणाली होती, "पाणी धरून ठेवणारं काही नकोच. दिवसातून दहा वेळा घातलं तरी मुळाशी थांबणार नाही असं मिश्रण सांगा."

सुमंत म्हणाले होते, "ताई, माणसाला आवरायचं सोडून तुम्ही मिश्रण बदलताय. आणि मग झाडाला पोसणार काय?"

"पंधरा दिवसांनी पातळ खताचं पाणी मी देईन. ते माझ्याकडे लागलं."

सुमंतांनी थोडा विचार केला आणि मग स्वतःच उत्साहाने कामाला लागले. कोकोपीट काढून टाकलं. सोडणाचे मोठे तुकडे पाण्यात भिजवून, त्यातला खारटपणा दोनदा धुऊन घ्यायला सांगितलं. त्यात कोळसा, आणि विटांचे बोराएवढे तुकडे.

विटा फोडायचं काम नानासोंनी केलं. गॅलरीत पोत्यावर बसून, हातोडीने, सबंध सकाळ. चंद्राबाईंनी तो चुरा चाळून बारीक भुकटी फेकून दिली, कारण भुकटी राहिली तर तीच फटींत बसून पाणी अडवते. बुडाला आणि अंगालाही भोकं असलेली कुंडी आणली. ती लोखंडी घडवंचीवर ठेवली आणि खाली बादली.

पहिल्यांदा नानासोंनी मला वाकवलं तेव्हा पाणी सोडणातून, कोळशातून झिरपत बादलीत पडू लागलं. त्यांनी कान दिला.

"पानी वाहतंय," ते म्हणाले. "कुटं तुंबलं न्हाई."

मग त्यांनी मला त्याच बादलीत बुडवून भरलं आणि तेच पाणी पुन्हा घातलं. एकदा चंद्राबाईंनी मोजलं, दिवसात अकरा वेळा. झाड लागेल तेवढं घेई आणि बाकीचं सोडून देई. क्रांती रोज संध्याकाळी बादलीतलं पाणी बदलायची. तिने पुन्हा कधी त्यांना किती वेळा घातलंत म्हणून विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता नवीन पान फुटलं, तांबूस, ओलसर. दिवाळीच्या सुमारास कळी आली आणि लाल फूल उमललं. ते दोन महिन्यांवर टिकलं. नानासोंना ते रोज नव्याने दिसायचं. "आगं, फूल आलं!" असं ते ओरडत. चंद्राबाई पोळपाट-लाटणं टाकून बाहेर येत. "व्हय आवं, आताच उमललं बगा." दिवसातून तीनदा, चारदा. एकदाही त्या बाई कंटाळल्या नाहीत.

नानासोंचे शब्द मात्र कमी होत गेले. क्रांतीला ते कधी ताई म्हणत, कधी शकू. तिने प्रत्येक हाकेला ओ दिली. जानेवारीत त्यांच्या छातीत कफ झाला. चार दिवस रुग्णालयात होते. पाचव्या दिवशी चंद्राबाई एकट्याच घरी आल्या, त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि घर बंद झालं.

सगळे गावाकडे गेले. तेरा दिवस गॅलरीत मी आणि ते झाड. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आता मला कोण हातात घेणार, असा स्वार्थी विचारही मनात आला, खोटं कशाला बोलू? बादली आटली. सोडणाचे तुकडे खडखडीत वाळले. जे मिश्रण अकरा वेळा पाणी घालणाऱ्या हातांसाठी केलं होतं, त्याला एकही हात उरला नव्हता. पानं माना टाकून लोंबू लागली, टोकं करपली.

तेराव्यानंतर क्रांती आणि जयराज परतले. तिने गॅलरीचं दार उघडलं, आणि गावाकडे ज्या क्रांतीच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं असं चंद्राबाई सांगत, ती तिथे खाली बसून रडली. मग उठून तिने सबंध कुंडी पाण्याच्या टबात बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी पानं सावरली.

जयराज सुमंतांकडे जाऊन आला. त्याच्या हातात कोकोपीटची वीट होती. "आता हे मिसळा म्हणाले. मग आठवड्यातून दोनदा पाणी पुरेल." क्रांतीने ती वीट पाण्यात टाकली. ती फुगून घमेलंभर झाली. क्रांतीने झाड उपटायला देठाशी हात घातला. आत ते विटांचे तुकडे दिसत होते, एकेक हाताने फोडलेले. तिने हात मागे घेतला.

"हे इमारतीखालच्या कढीपत्त्याला घाल," ती म्हणाली. "याला नको."

"अगं, मग रोज दोन-तीनदा पाणी कोण घालणार?"

"सकाळी मी. दुपारी चंद्राबाई. संध्याकाळी आले की पुन्हा मी."

"असं किती दिवस?"

तिने मला बादलीत बुडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, चंद्राबाईंचे हात कणकेत असताना, जयराजनेच मला उचललं. त्याची बोटं वडिलांसारखी लांब आहेत. रजा संपेपर्यंत दुपारचं पाणी त्याने घातलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. झाडाला पाणी घालण्याआधी कुंडीत बोट घालून बघा, आणि कोणतं झाड कुठून आलंय हे विचारल्याशिवाय त्याला आपली माती देऊ नका, ती कितीही चांगली असली तरी. आणि घरात एखादं विसरत चाललेलं माणूस असेल, तर त्याच्या हातातलं काम घाईने काढून घेऊ नका. त्याच्या हातून जे बिघडतंय, ते वेगळ्या तऱ्हेनं मांडता येतं का, ते आधी बघा. क्रांतीला हे सुचेपर्यंत एक झाड मरणाच्या दारात गेलं आणि एक म्हातारं माणूस उन्हात अनवाणी हरवलं. तुमच्या घरी ती दुपार न येताच तुम्हाला सुचावं, म्हणून सांगितलं.